सात नावांची नदी : स्लोव्हेनियातला एक आठवडा

परत आल्यापासून ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय. "स्लोव्हेनियाला गेलात आणि सोचा नदी नाही पाहिलीत?" नाही पाहिली. सोचा सुंदरच असणार. तिच्या हिरव्या पाण्याचे इतके व्हिडिओ पाहून झालेत की आता तिथे जाऊन नवीन काय बघणार, असं वाटायला लागलं होतं. आम्हाला बघायची होती ती राजधानीच्या मधोमध वाहणारी ल्युब्लियानित्सा. हे खूळ दादाचं. तो म्युनिकला पंपांच्या कंपनीत आहे, आणि पाणी कुठून येतं नि कुठे जातं याचा छडा लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ही नदी चुनखडीच्या डोंगरांत उगम पावते, जमिनीत गडप होते, काही किलोमीटरांनी वर येते, पुन्हा गडप होते. जिथे जिथे वर येते तिथल्या लोकांनी तिला आपापलं नाव ठेवलंय : त्र्बुहोवित्सा, ओब्रह, स्त्रझेन, राक, पिव्का, उनित्सा आणि शेवटी ल्युब्लियानित्सा. बेत असा ठरला की शहरापासून सुरुवात करायची आणि प्रवाहाच्या उलट वर वर जायचं. दादा, वहिनी आणि मी. सप्टेंबरचा शेवट.

शनिवार

म्युनिकहून साल्झबर्ग, मग आल्प्समधले बोगदे, मग ल्युब्लियाना. दिवस गाडीतच गेला. स्वतःची गाडी नेणार असाल तर ऑस्ट्रियाचा आणि स्लोव्हेनियाचा महामार्गाचा पास वेगवेगळा काढावा लागतो. स्लोव्हेनियाचा आता ऑनलाइन मिळतो, काचेवर काही चिकटवायचं नसतं. सीमेवरच्या कारावान्के बोगद्याचा टोल मात्र पासात धरलेला नाही, तो वेगळा.

मुक्काम त्रनोवो भागात एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर. वय सत्तरीच्या पुढचं, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. आम्ही बाटलीबंद पाणी कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर त्यांनी काही न बोलता नळ सोडला, ग्लास भरला आणि वहिनीच्या हातात दिला. मग खुर्ची ओढून बसल्या. 2016 मध्ये त्यांच्या राज्यघटनेत पिण्याच्या पाण्याचा हक्क घातला गेला. 2021 मध्ये पाण्याविषयीच्या कायद्यातल्या बदलांवर सार्वमत झालं आणि मत देणाऱ्यांपैकी 86 टक्क्यांहून अधिक लोकांनी ते बदल फेटाळले. नदीकाठची बांधकामं वाढतील अशी लोकांना धास्ती होती. "भर जुलैत, सुट्ट्यांच्या दिवसांत लोक मत द्यायला आले," असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभर आम्ही पाण्याची बाटली विकत घेतली नाही.

रविवार

शहर पायी बघायचं. नदीकाठचा जुना भाग मोटारींना बंदच आहे. चालवत नसेल अशांना कावालिर नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या फुकट नेऊन सोडतात. हात केला की थांबतात.

ल्युब्लियानाचं आजचं रूप बरंचसं एका माणसाच्या हातचं आहे. योझे प्लेच्निक, वास्तुविशारद, 1872 ते 1957. चौकातल्या 1842 च्या दगडी पुलाला त्याने दोन्ही अंगांना पादचाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला आणि त्रोमोस्तोव्ये, म्हणजे तिहेरी पूल, तयार झाला. त्याच्या इथल्या कामांना 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. पुलाच्या फोटोंसाठी रांग लागलेली असते. मला जास्त आवडला तो थोडा वरच्या अंगाला, त्रनोवोत त्याने बांधलेला घाट. दुसरा शब्दच सुचत नाही. लांबच लांब दगडी पायऱ्या थेट पाण्याला भिडलेल्या आणि वरच्या बाजूला विलोची रांग. पायऱ्यांवर कोणी वाचत पडलेलं, कोणी जोडीने बसलेलं, एक आजोबा पाय सोडून पेर खात होते. पुण्याच्या लकडी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणारी मी, तासभर तिथून उठले नाही.

पाणी इतकं संथ की नदी कुठल्या दिशेला वाहते हे कळायला एखादं पान पडून सरकायची वाट बघावी लागते. त्याला कारण दोन. एक म्हणजे वरचा सगळा प्रदेश दलदलीचा, उतार जवळजवळ नाहीच. दुसरं म्हणजे खालच्या अंगाला पाणी अडवून पातळी राखणारी दारं आहेत. तीही प्लेच्निकचीच. धरणाच्या दारांना कोणी खांब नि नक्षी करतं का? याने केली. पुराचं पाणी गावाला वळसा घालून जावं आणि दलदलीचा निचरा व्हावा म्हणून अठराव्या शतकात ग्रुबर नावाच्या जेझुइट पाद्र्याने टेकडीमागून कालवा काढायला घेतला. तोही अजून कामात आहे. दादाने तो बघायला चालवत नेलं. वहिनी तोपर्यंत काठावरच्या रविवारच्या जुन्या बाजारात पितळी खलबत्ता घासाघीस करून घेत होती.

अजगरांच्या, म्हणजे ड्रॅगनच्या, पुलाबद्दल मात्र लिहायलाच हवं. 1901 चा पूल, सिमेंट-काँक्रीटच्या सुरुवातीच्या पुलांपैकी एक, आणि चारही कोपऱ्यांवर तांब्याचे हिरवे पडलेले पंखवाले अजगर. दंतकथा अशी : ग्रीक वीर जेसन सोनेरी लोकर चोरून पळाला, काळ्या समुद्रातून डॅन्यूबमध्ये, तिथून सावा नदीत आणि सावामधून ल्युब्लियानित्सात शिरला. इथल्या दलदलीत त्याने अजगर मारला. पुढे नदीच संपली, म्हणून त्याने जहाजाचे भाग सुटे करून खांद्यावरून एड्रियाटिक समुद्रापर्यंत नेले. म्हणजे आम्ही जो उलटा प्रवास करणार होतो, तोच. दादाला हे ऐकून फारच बरं वाटलं.

दुपारी शहराच्या संग्रहालयात. दलदलीत सापडलेलं लाकडी चाक तिथे ठेवलंय, आसासकट. वय सुमारे 5,150 वर्षं. जगात आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या लाकडी चाकांपैकी एक. अ‍ॅश झाडाच्या फळ्या जोडून केलेलं चाक आणि ओकचा आस. फळ्या जोडण्यासाठी घातलेल्या आडव्या पट्ट्या अगदी जवळून दिसतात. ते करणाऱ्याचा हात किती बसलेला होता ते कळतं. हवा न लागलेल्या चिखलाने ते इतकी वर्षं सांभाळलं. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, तेव्हा रविवारीच उरकून घ्या.

जेवणाचं : शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. श्त्रुक्ली म्हणजे पातळ पोळीत सारण भरून, गुंडाळून उकडलेले तुकडे. चीजचे असतात, अक्रोडाचे असतात, आणि पेहत्रान नावाच्या सुगंधी पाल्याचे गोड असतात. शेवटचे नक्की मागवा.

सोमवार

वर्हनिका, शहरापासून वीसेक किलोमीटर. बसही जाते. इथे नदी जमिनीतून बाहेर येते, आणि तीही एका जागी नाही. मोचिल्निक आणि रेतोव्ये अशा दोन भागांत मिळून कितीतरी झरे आहेत. मोचिल्निकला पांढुरका कडा, त्याच्या पायथ्याशी हिरवंगार डबकं. ना खळखळ, ना उसळी. पाणी आत्ताच डोंगराखालून निघालंय हे सांगितल्याशिवाय खरं वाटत नाही. दहा पावलं पुढे त्याचा ओढा झालेला, आणि गाव ओलांडेपर्यंत होडी चालेल एवढी नदी. कड्यात एक खळगा आहे. पुढे नदी नाही हे बघून जेसनने संतापाने मारलेल्या बुक्कीचा तो म्हणे.

रोमन काळी इथे नाउपोर्टस नावाचं नदीवरचं बंदर होतं. त्यानंतरही शतकानुशतकं एड्रियाटिककडून आलेला माल इथे होड्यांत चढायचा. व्हिएन्नाहून निघालेली रेल्वे 1857 मध्ये ट्रिएस्टला पोचली आणि नावाड्यांचा धंदा बसला. त्या सगळ्या काळात जे जे पाण्यात पडलं, कोणी वाहिलं, कोणी टाकलं, ते तळाच्या गाळात तसंच राहिलं. तलवारी, शिरस्त्राणं, भांडी, एका ओंडक्याची कोरलेली लांबलचक होडी. सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे 2008 मध्ये मिळालेलं लाकडी टोक, सुमारे 40,000 वर्षांपूर्वीचं. नदीच्या या भागात आता परवानगीशिवाय बुडी मारून काही शोधायला मनाई आहे.

संध्याकाळी पुढे त्सेर्क्नित्साजवळ एका शेतघरी मुक्कामाला. पुढचे दिवस तिथेच. घरचे आजोबा जर्मन बोलत, त्यामुळे त्यांचं नि दादाचं मेतकूट जमलं. जेवायला रानातल्या अळंब्यांचं सूप आणि कुट्टूच्या पिठाचे जाडसर झगान्त्सी. आपल्या उकडीच्या जवळ जाणारं प्रकरण, पण वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरतात. आधीच सांगून ठेवलं तर तुपासारखं लोणी सोडून देतात.

मंगळवार

त्सेर्क्नित्साचं तळं. नकाशात निळं दाखवलंय. काही वर्षी त्याचा पसारा 26 चौरस किलोमीटरांच्याही वर जातो. देशातलं सगळ्यात मोठं तळं. आम्ही पोचलो तेव्हा तिथे गवताच्या गंज्या होत्या, ट्रॅक्टर होता आणि मधून ओहळाएवढी स्त्रझेन वाहत होती. तळ्याचं पाणी नावालाही नाही.

हे असंच असतं. पाऊस पडला की भोवतालच्या डोंगरांतून आणि तळातल्या भोकांतून पाणी वर येतं. उन्हाळा आला की त्याच भोकांतून निथळून जातं, मोरीचा बोळा काढावा तसं. आजोबांच्या घरात गवत कापायचा विळा आणि मासे धरायची जाळी एकाच खुंटीवर. त्यांच्या लहानपणी एका वर्षात त्याच जागी ते मासे धरायचे, गवत कापायचे आणि हिवाळ्यात बर्फावर घसरायचे. पाणी उतरताना पाइक आणि टेंच मासे खळग्यांत अडकतात. फारच कोरडं वर्ष असेल तर मच्छीमार मंडळी ते उचलून खोल पाण्यात नेऊन सोडतात.

या तळ्याची यंत्रणा पहिल्यांदा नीट लिहून काढली ती वाल्वासोर नावाच्या इथल्याच सरदाराने. 1687 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं, त्यात या तळ्यावरच्या लिखाणाचा मोठा वाटा. दोलेन्ये येझेरो गावात येझेर्स्की ह्राम नावाचं छोटं संग्रहालय आहे, तिथे तळ्याची चालती प्रतिकृती आहे. माहिती सांगणारे गृहस्थ पाणी सोडतात, कुठलं भोक आधी बोलतं, कुठलं गिळतं, ते क्रमाने दाखवतात. दादाने त्यांना तीन वेळा पाणी भरायला लावलं. तिसऱ्यांदा वहिनी बाहेर जाऊन बसली. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा.

मग आम्ही तळ्याच्या तळातून चालत रेशेतोपर्यंत गेलो. चाळणीसारख्या भोकांचा तो भाग. बूट चिखलात रुततात, घोट्याच्या वर येणारे घाला. दगडांच्या फटीत वाळलेलं शेवाळ आणि एक रिकामी शिंपली.

दुपारी राकोव श्कोत्सियान. तळ्याचं पाणी डोंगराखालून जाऊन इथे राक नावाने बाहेर येतं, अडीचेक किलोमीटर दरीत वाहतं आणि पुन्हा गुहेत शिरतं. दरी म्हणजे खरं तर छत कोसळलेली गुहाच. छताचे उरलेले दोन तुकडे नैसर्गिक पूल म्हणून उभे आहेत. लहान पुलाखाली उभं राहून वर पाहिलं की गोल झरोक्यांतून बीचच्या झाडांची पानं दिसतात. वाटेवर अस्वलांची सूचना देणारी पाटी आहे आणि ती शोभेची नाही. या रानात तपकिरी अस्वलं भरपूर. वहिनी वाटभर मोठ्याने मनाचे श्लोक म्हणत चालली. अस्वल काही आलं नाही.

वरचे दोन टप्पे, लोझ खोऱ्यातली ओब्रह आणि क्रोएशियाच्या हद्दीकडची त्र्बुहोवित्सा, गाडीतूनच धावते पाहिले. ओब्रहला तर पात्रात पाण्यापेक्षा गोटेच जास्त होते. तिथल्या स्नेझ्निक किल्ल्यात चक्क डॉरमाउसच्या शिकारीचं संग्रहालय आहे. खारीसारखा हा प्राणी इथले लोक शरद ऋतूत रात्री सापळे लावून धरतात आणि खातात. आजोबांनी रात्री आपला लाकडी सापळा काढून दाखवला आणि रस्सा चाखणार का विचारलं. दादाने चाखला. आम्ही दोघींनी श्त्रुक्लीवर भागवलं.

झोपायला जाताना आजोबा म्हणाले, "उद्या पाऊस. शुक्रवारी पुन्हा तळ्यावर जा."

बुधवार

पहाटेपासून धो धो. पावसात करण्यासारखी गोष्ट म्हणजे पोस्तोयना गुहा. 24 किलोमीटर लांबीची गुहा, आत 1872 पासून रेल्वे. सुंदर आहे, प्रचंड आहे, आणि गर्दीही तशीच आहे. तिकिटावर वेळ छापलेली असते, ऑनलाइन आधी घ्या. आत बारमाही 10 अंश सेल्सियस, स्वेटर लागतोच.

माझं लक्ष होतं ते टाकीतल्या प्रोटियसवर. गुहेच्या पाण्यात राहणारा, वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी जीव. डोळे कातडीखाली गेलेले, गळ्यापाशी लाल झालरीसारखे कल्ले, आणि चार काडीसारखे पाय. वर्षानुवर्षं न खाता राहू शकतो, आयुष्य शंभरीपर्यंत जातं असं मानतात. पुराच्या पाण्याबरोबर हे कधी कधी बाहेर फेकले जातात. वाल्वासोरने लिहून ठेवलंय की वर्हनिकाजवळच्या लिंट्वर्न झऱ्यातून असं काही बाहेर पडलं की लोक त्याला अजगराचं पिल्लू समजत. म्हणजे पुलावरच्या अजगरांची पोरं इथे काचेच्या टाकीत, अंधुक उजेडात. 2016 मध्ये इथल्याच एका मादीच्या अंड्यांतून पिल्लं निघाली, तेव्हा सगळा देश बातम्या बघत होता.

गुहेच्या तोंडाशी पिव्का नदी आत शिरते. पर्यटक तिथे फारसे थांबत नाहीत, सगळे तिकिटाच्या रांगेत. त्या दिवशी मात्र कठड्याशी उभं राहून बघावं असं होतं. कॉफीच्या रंगाचं पाणी, ओंडके, फेस, आणि समोर काळा जबडा.

हेच पाणी पुढे प्लानिना गुहेत राकला मिळतं. जमिनीखालचा युरोपातल्या मोठ्या संगमांपैकी एक. आत वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि पुरात तर नाहीच. आम्ही तोंडापर्यंत गेलो. दोन नद्या एकत्र होऊन उनित्सा या नावाने बाहेर पडत होत्या, आणि तो आवाज असा की दादा शेजारी उभा राहून काय ओरडतोय ते कळेना. बहुधा प्रवाहाचा आकडा सांगत असावा. उनित्सा पुढे मैदानात वेटोळी घालते, तिथेही भोकांत जिरते आणि शेवटी मोचिल्निकच्या त्या शांत डबक्यात उगवते. 1970 च्या दशकात संशोधकांनी पाण्यात रंग आणि खुणेचे पदार्थ सोडून हे धागे जुळवले.

गुरुवार

पाऊस सुरूच. श्कोत्सियान गुहा. ही आमच्या नदीची नाही. इथे रेका नावाची नदी जमिनीत जाते आणि तीसेक किलोमीटरांहून जास्त अंतर खालून कापून इटलीत तिमावो म्हणून निघते, एड्रियाटिकला मिळते. पोस्तोयना ते इथे गाडीने अर्धा तास. पण तिकडचं पाणी काळ्या समुद्राला आणि इकडचं भूमध्याकडे. वाटेत कुठेही पाणलोटाची खूण दिसत नाही.

एकच गुहा बघायला वेळ असेल तर ही बघा. रेल्वे नाही, रोषणाई जेमतेम, फोटो काढू देत नाहीत, आणि त्यामुळेच. लेण्यांसारख्या दालनांतून जाता जाता अचानक वाट कड्यावर येते आणि खाली दरी. डोंगराच्या पोटात दरी! तळाशी नदी, दोन्ही कड्यांवर दिव्यांची माळ, आणि नदीपासून सुमारे 45 मीटर उंचीवर एक पूल. पुरामुळे खालून धुकं वर येत होतं, पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. वाटाड्या मुलीने कड्यावर 1965 च्या पुराची रेघ दाखवली. आमच्याही डोक्याच्या वर. तेव्हा पाणी शंभर मीटरहून जास्त चढलं होतं. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर विचार करा. वहिनीचे कुरकुरतात, ती उतरली आणि चढलीही.

संध्याकाळी योता. आंबवलेला कोबी, राजमा, बटाटा यांचं दाट सूप, बिनामांसाचंही मिळतं. भिजून आल्यावर याच्यासारखं काही नाही.

शुक्रवार

ऊन. आजोबांच्या सांगण्यावरून सकाळीच तळ्यावर. मंगळवारी जिथे ट्रॅक्टर होता तिथे पाणी होतं. रेशेतोची वाट बुडाली होती, गवताच्या दोन गंज्या राहून गेल्या होत्या त्या अर्ध्या पाण्यात. काठावर गावातले चार-पाच लोक हाताची घडी घालून उभे, वर्षानुवर्षं बघितलेलं पुन्हा बघत. दगडाच्या एका फटीतून बोटभर जाड धार वर येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. दादा उकिडवा बसला आणि मोबाइलवर वेळ मोजत राहिला. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे काही तळं नव्हे. अजून दोन पाऊस पडू देत."

संध्याकाळी ल्युब्लियानात परत. शुक्रवारी बाजारापाशी ओद्प्र्ता कुहना म्हणजे उघड्यावरचा खाऊबाजार भरतो, मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसेल तर. शहरातल्या खानावळी तिथे ठेले मांडतात. स्वस्त नाही, पण थोडं थोडं बरंच काही चाखता येतं.

शनिवार

निघण्याआधी दादाचा हट्ट : नदी संपते कुठे तेही बघायचं. शहराच्या पूर्वेला पोदग्राद गावाशी ल्युब्लियानित्सा सावामध्ये जाते, आणि तिथेच समोरून आल्प्सकडची कामनिश्का बिस्त्रित्सा येते. आमची नदी अजून गढूळ होती, सावा करडी हिरवी. काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाने सांगितलं की 2023 च्या ऑगस्टातल्या महापुरात हा काठ ओळखू येत नव्हता. देशाच्या दोन तृतीयांश भागाला तो तडाखा बसला होता. मासा मिळाला का विचारलं तर म्हणाला, या पाण्यात मासा नाही मिळत, मी घरी बसायला नको म्हणून आलोय.

दुपारी कारावान्के बोगद्याच्या तोंडाशी दीड तास रांग. शनिवारी हे ठरलेलंच. शक्य असेल तर सकाळी आठच्या आत निघा, आणि डबा बरोबर ठेवा. रांगेत खायला काही मिळत नाही.